घरची ड्रिप कॉफी: पावडर, पाणी आणि मशीनची निगा

आमच्याकडे ड्रिप कॉफी मशीन आलं, तेव्हा पहिल्याच दिवशी आईने कप तोंडाला लावला आणि परत ओट्यावर ठेवला. "अगं, ही कॉफी आहे की कॉफीच्या भांड्याचं धुवण?" आठवडाभर मी चमचा कमीजास्त करत राहिले, पाणी बदलून पाहिलं, आणि शेवटी मशीन माळ्यावर गेलं. चार महिने तिथेच होतं. मग केकसाठी वजनकाटा घेतला आणि एक दिवस सहज कॉफीचे माझे नेहमीचे तीन चमचे मोजले. १४ ग्रॅम भरले. पाणी मी ६०० मिली घालत होते. त्या पाण्याला ३५-३६ ग्रॅम पावडर लागते. मशीनला मी निम्म्याहून कमी कॉफी देत होते आणि दोषही त्यालाच देत होते.

घरोघरी ड्रिप कॉफी पाणचट होते ती बहुतेक याच कारणाने. म्हणून हा लेख वजन, भरड, पाणी आणि सफाई यांवर जास्त आहे, मशीनच्या बटणांवर कमी. दूध घालून कॉफी पिणाऱ्यांचा विचार त्यात मुद्दाम केला आहे, कारण मशीनसोबत येणारी पुस्तिका काळी कॉफी पिणाऱ्यांसाठी लिहिलेली असते.

आत काय चालतं

हे एकदा कळलं की पुढच्या निम्म्या अडचणी आपल्या आपण सुटतात. साध्या ड्रिप मशीनमध्ये पंप नसतो. टाकीतलं गार पाणी तळाच्या भोकातून एका नळीत उतरतं. मशीनच्या बुडाशी घोड्याच्या नालेसारखी वाकवलेली ॲल्युमिनियमची नळी असते आणि तिला चिकटून तापणारं कॉइल. पाणी उकळायला लागलं की वाफेचे बुडबुडे ते वर ढकलतात. मागे जायची वाट एका छोट्या झडपेने बंद असते, म्हणून पाणी उभ्या नळीतून चढून पावडरीवर पडतं. तो गुडगुड आवाज या बुडबुड्यांचाच. काचेच्या जगाखालची प्लेटही त्याच कॉइलवर तापते. टाकी रिकामी झाली की नळीचं तापमान वाढतं आणि थर्मोस्टॅट वीज तोडतो. प्लेट निवली की पुन्हा जोडतो.

एवढंच यंत्र आहे. कागदी फिल्टरची कल्पना त्याहून जुनी. १९०८ साली जर्मनीत ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीने पितळी भांड्याला खिळ्याने भोकं पाडली आणि त्यात मुलाच्या वहीतला टीपकागद घातला. विजेवरचं पहिलं ड्रिप मशीन, विगोमॅट, तेही जर्मनीतच १९५४ मध्ये आलं. अमेरिकेत १९७२ च्या मिस्टर कॉफीने ते घराघरांत नेलं. या सगळ्या काळात तत्त्व बदललं नाही: गरम पाणी, रवाळ पावडर, खाली गाळणं.

घेताना काय बघायचं

भारतात साधं मशीन दोन-चार हजारांत मिळतं आणि घरासाठी ते पुरतं. पडदा, घड्याळ, टायमर यांवर पैसे घालण्याआधी पुढच्या गोष्टी बघा.

पहिली म्हणजे आकार. काचेच्या जगावरचा "कप" हा आपला कप नव्हे. तो साधारण १२५ ते १५० मिलीचा धरलेला असतो. "१० कपांचं" मशीन म्हणजे सव्वा ते दीड लिटर, म्हणजे आपले मोठे मग पाच-सहाच. दोन-तीन माणसांच्या घराला ५-६ कपांचं मशीन बरं. मोठ्या मशीनमध्ये दोनच कप केले तर पावडरीचा थर अगदी पातळ पडतो, पाणी झरकन निघून जातं आणि कॉफी फिकी होते. कुठलंही मशीन निदान अर्धं भरून चालवावं.

दुसरी, फिल्टरची टोपली. ती शंकूसारखी असते किंवा सपाट तळाची, आणि दोन्हींना कागद वेगळे लागतात. तुमच्या मशीनचा कागद सहज मिळतो का, हे आधी पाहा. बहुतेकांसोबत नायलॉनच्या जाळीचा कायमचा फिल्टरही येतो. जाळीतून कॉफीचं तेल आणि थोडा गाळ खाली येतो, म्हणून चव जाड लागते. कागद ते दोन्ही अडवतो, कॉफी स्वच्छ लागते. कॉफीच्या तेलातल्या काही घटकांनी कोलेस्टेरॉल वाढतं आणि कागदात ते अडकतात, तेव्हा घरात कुणाला तो त्रास असेल तर कागदच वापरा. आमच्याकडे बाबांसाठी म्हणून कागद सुरू झाला आणि आता सगळ्यांना तीच चव आवडते.

तिसरी, जग. काचेचा जग तापत्या प्लेटवर बसतो, स्टीलचा थर्मास जग स्वतःच कॉफी गरम ठेवतो. पैसे जास्त घालायचेच असतील तर या थर्मास जगासाठी घाला. कारण पुढे येईलच.

आणि चौथी गोष्ट परदेशातून मशीन आणणाऱ्यांसाठी. माझ्या दादाने अमेरिकेतून येताना मोठ्या प्रेमाने एक मशीन आणलं. मी त्याला ॲडॅप्टर लावला, थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये घातलं आणि बटण दाबलं. मिनिटभरात जळका वास आला, लाल दिवा विझला आणि सगळं शांत. मशीन उलटं केलं तर बुडाच्या स्टिकरवर स्पष्ट लिहिलेलं: १२० व्होल्ट. ॲडॅप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो. आपल्याकडे २३० व्होल्ट असतात आणि कॉइलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणजे त्या बिचाऱ्या कॉइलवर साडेतीन पटींहून जास्त भार पडला. चालवायचंच असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, तोही ९०० वॅटच्या मशीनला पंधराशे वॅटचा. तो जड असतो, महाग असतो आणि ओट्यावरची जागा खातो. त्यापेक्षा इथलंच मशीन घ्या. उलट बाजूने, इथलं मशीन अमेरिकेत नेलंत तर ते जळणार नाही, पण त्याला पाव ताकदच मिळेल आणि पाणी नीट वर चढणार नाही.

पावडर: सगळ्यात जास्त चुका इथे

इन्स्टंट कॉफी या मशीनमध्ये चालत नाही. ती आधीच तयार केलेली कॉफी वाळवून केलेली असते, पाणी पडताच विरघळून खाली जाते. ड्रिपला भाजलेल्या बियांची दळलेली पावडर लागते.

दाक्षिणात्य फिल्टर कॉफीचं पाकीट आणून मी सुरुवात केली होती, आणि ही चूक जवळजवळ सगळेच करतात. ती पावडर बारीक असते आणि तिच्यात बहुधा चिकोरी, म्हणजे एका झाडाच्या भाजलेल्या मुळाची पूड, असते. स्टीलच्या फिल्टरमध्ये ती सावकाश, थेंब थेंब उतरायला बनवलेली आहे. ड्रिप मशीन मात्र कुणासाठी थांबत नाही. वरून पाणी येतच राहतं. माझ्याकडे कागद तुंबला, टोपली काठोकाठ भरली आणि तपकिरी गाळाचं पाणी झाकणाखालून वाहत मिक्सरच्या बुडाखाली गेलं. चिकोरीची चव आवडत असेल तर ८०:२० च्या (कॉफी ८०, चिकोरी २०) पुढे जाऊ नका, जाडसर दळलेली मागा आणि टोपली निम्म्यापर्यंतच भरा. पाकिटावर प्रमाण छापलेलं असतं, ते वाचून घ्या.

सगळ्यात चांगलं म्हणजे बिया आणून घरी दळणं. चिकमंगळूर, कुर्ग, वायनाड, अराकू इथली कॉफी आता छोट्या भाजणाऱ्यांकडून थेट घरी मागवता येते. आपल्या चिखलदऱ्यातही कॉफी पिकते. पाकिटावर भाजल्याची तारीख असेल तेच घ्या आणि त्या तारखेपासून महिना-सव्वा महिन्यात संपेल एवढंच मागवा. दूध घालणार असाल तर मध्यम ते जरा गडद भाजलेली घ्या. फिकी भाजलेली आंबट असते. दुधात तो आंबटपणा बरा लागत नाही.

भरड कशी हवी? हातात घेतली की जाड रव्यासारखी लागली पाहिजे. सपाट टोपलीला उपम्याचा जाड रवा, शंकूच्या टोपलीला त्याहून थोडी बारीक. मैद्यासारखी बोटाला चिकटली तर फार बारीक झाली. पैसे असतील तर चक्कीसारखा दळणारा, म्हणजे बर असलेला ग्राइंडर घ्या. हाताने फिरवायचाही चालतो. तो नसेल तर मिक्सरचं चटणीचं छोटं भांडं काम करतं. एकदम फिरवू नका. दोन-तीन सेकंदांचे झटके द्या, मध्ये भांडं हलवा, असे सात-आठ झटके. मग मैद्याच्या चाळणीने चाळून खाली पडलेली भुकटी बाजूला काढा. ती दुधात उकळायच्या कॉफीला वापरा, फिल्टर तुंबवणारी नेमकी तीच असते. भांड्याला जिरं-मिरीचा वास नाही ना, हे आधी हुंगून घ्या. थोडे तांदूळ फिरवले की वास निघतो.

पाणी

धरणाचं नळाचं पाणी बहुतेक ठिकाणी मऊ असतं. ते गाळून घेतलं की उत्तम. बोअरचं पाणी जड, त्याचा क्षार नळीत साठतो आणि कॉफी बोथट लागते. म्हणून लोक आरओचं पाणी वापरतात, पण त्याचीही दुसरी टोकाची अडचण आहे: क्षार फारच कमी असतील तर कॉफीचा स्वाद पाण्यात नीट उतरत नाही, ती पोकळ लागते. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, ७५ ते २५० च्या मध्ये असावा, १५० च्या आसपास सर्वांत बरं. तुमच्या आरओचा टीडीएस २०-३० असेल तर त्यात थोडं साधं गाळलेलं पाणी मिसळा. पाणी गारच घाला. गरम पाणी घातल्याने वेळ वाचेल असं वाटतं, पण मग पाणी झपाट्याने उतरतं आणि पावडर भिजायला वेळ मिळत नाही.

करायची रीत

अर्ध्या लिटरचा हिशोब धरते, म्हणजे दोघा-तिघांची कॉफी.

काळी प्यायची तर ३० ग्रॅम पावडर. दूध घालायचं तर ४० ते ४५ ग्रॅम. हा फरक फार महत्त्वाचा आहे. दूध कॉफीला पातळही करतं आणि तिची चव झाकतंही, म्हणून मूळ कॉफीच दाट हवी. काटा नसेल तर एकदा शेजारून मागून आणा, तुमच्या रोजच्या चमच्यात किती ग्रॅम बसतात ते मोजा आणि डब्याच्या झाकणावर लिहून ठेवा. आमच्या चमच्यात साडेचार ग्रॅम बसतात.

कागद टोपलीत बसवून त्यावर थोडं गरम पाणी ओता आणि ते पाणी फेकून द्या. कागदाचा वास जातो आणि तो टोपलीला चिकटून बसतो. नाहीतर कड आत दुमडते आणि गाळ थेट जगात उतरतो. पावडर घालून टोपली हलकेच हलवा, म्हणजे थर सपाट होईल. टाकीत पाणी मोजून घाला. टाकीवरच्या रेघांवर विसंबू नका, एकदा मोजपात्राने पडताळून घ्या.

मशीन सुरू करा आणि लगेच निघून जाऊ नका. अर्ध्या मिनिटात पाणी पावडरीवर पडायला लागेल. पावडर वरून भिजलेली दिसली की मशीन बंद करा, झाकण उघडून चमच्याच्या दांड्याने एकदा हलवा. ताजी भाजलेली कॉफी असेल तर ती फुगते, वर बुडबुडे येतात आणि स्वयंपाकघरभर वास सुटतो. भाजताना बियांत अडकलेला कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडत असतो. तो निघून गेला की पाणी नीट आत शिरतं. ३०-४० सेकंद थांबा आणि मशीन पुन्हा सुरू करा. साध्या मशीनची कॉफी सर्वांत जास्त सुधारते ती या एका थांब्याने. पावडर फुगलीच नाही तर ती शिळी आहे, हेही इथेच कळतं.

सगळं पाणी उतरायला चार ते आठ मिनिटं लागावीत. तीन मिनिटांत उरकलं तर पुढच्या वेळी थोडं बारीक दळा. दहा मिनिटं लागली तर जाड. व्होल्टेज कमी असेल तरही वेळ लागतो. १८० व्होल्टला कॉइलची ताकद साठ टक्क्यांवर येते, तेव्हा लोडशेडिंगच्या गावात उन्हाळ्याच्या संध्याकाळी मशीन रेंगाळलं तर ते बिघडलं असं समजू नका.

जगात ५०० मिली कॉफी जमणार नाही, ४४० च्या आसपास जमेल. ओली पावडर स्वतःच्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवते.

आता एक गोष्ट जी मला दोन वर्षं माहीत नव्हती. जगात सुरुवातीला पडणारी कॉफी दाट असते, शेवटची अगदी पातळ, आणि ती जगात थरांसारखी राहते. न ढवळता ओतली तर पहिला कप आणि शेवटचा कप वेगळ्या चवीचे. ओतण्याआधी जगात चमचा फिरवाच. म्हणूनच मध्ये जग काढून घाईचा एक कप भरून घेऊ नये. गळती थांबवणारी झडप असली तरी ती अर्ध्या मिनिटापुरतीच. नंतर टोपली भरून वाहते.

दूध, साखर आणि जायफळ

दूध टाकीत कधीही घालू नका. ते नळीत करपेल आणि मशीन संपेल. साखरही नाही. दूध वेगळं तापवा, उकळू द्यायची गरज नाही, वाफा निघाल्या की पुरे. दाट कॉफी आणि गरम दूध निम्मंनिम्मं, साखर कपात.

पण आपल्या घरांत कॉफी म्हणजे दुधात उकळलेली, जायफळ-वेलदोड्याची. तो स्वाद मशीनमध्ये आणता येतो. टोपलीतल्या कोरड्या पावडरीवर जायफळ किसणीवर दोन-तीनदाच ओढा, वेलदोड्याची पूड अगदी चिमूटभर. गरम पाणी त्यांचा स्वाद कॉफीसोबत खाली आणतं आणि कागद रवाळपणा अडवतो. जायफळ जास्त झालं तर कडू लागतं. आईने मशीनची कॉफी पुन्हा प्यायला सुरुवात केली ती या जायफळामुळे. आता ती स्वतःच ४५ ग्रॅम मोजते.

झाल्यावर लगेच

काचेचा जग प्लेटवर ठेवून देऊ नका. वीस मिनिटांत कॉफी कडवट व्हायला लागते, तासाभराने ती ओतून द्यायच्या लायकीची राहते. नंतर कुणी पिणार असेल तर चहाच्या थर्मासमध्ये भरा. थर्मास आधी उकळत्या पाण्याने विसळून घ्या. मशीन आपोआप बंद होतं या भरवशावर राहू नका. काही अर्ध्या-पाऊण तासात बंद होतात, काही दोन तासांनी, जुनी होतच नाहीत. रिकामा जग तापत्या प्लेटवर राहिला किंवा गरम जग गार नळाखाली धरला की काच तडकते.

पावडर ओली असतानाच टोपली रिकामी करा. चोथा कुंडीत थेट जाड थर करून टाकू नका, त्याची पापडी होते आणि बुरशी धरते. ओल्या कचऱ्याच्या खतात मिसळा.

पावसाळ्यात जास्त जपावं लागतं. टाकीचं झाकण आणि टोपलीचं दार उघडं ठेवून मशीन वाळू द्या, नाहीतर चार दिवसांत आत पांढरी बुरशी दिसते. रोज वापर नसेल तर टाकीतलं पाणी उपडं करून काढा. गरम आणि ओलसर बुडाशी झुरळांना राहायला आवडतं, तेव्हा प्लग काढून, निवल्यावर, मशीनखालचा ओटा रोज पुसा. पावडर घट्ट झाकणाच्या डब्यात, गॅसपासून लांब. फ्रिजमध्ये रोज आतबाहेर केली की तिच्यावर दव धरतं आणि ती सादळते.

क्षार आणि तेल

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोघांचे उपायही वेगळे. जगाच्या काचेवर, टोपलीत जो तपकिरी चिकट थर बसतो तो कॉफीच्या तेलाचा. तो खवट होतो आणि नव्या कॉफीला त्याचा वास लागतो. रोज भांड्याच्या साबणाने धुवा. आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून जग अर्धा तास भिजवा आणि बाटलीच्या ब्रशने घासा.

नळीच्या आत बसतो तो पाण्याचा क्षार. कॉफी उतरायला वेळ लागतो, वाफ खूप येते, आवाज वाढतो, टाकीत शेवटी पाणी उरतं, ही त्याची लक्षणं. बोअरचं पाणी असेल तर महिन्यातून एकदा, मऊ पाणी असेल तर तीन महिन्यांतून एकदा तो काढावा. एक लिटर पाण्यात मोठा चमचाभर, म्हणजे १५-२० ग्रॅम, लिंबूफूल विरघळवा. ढोकळ्याला घालतो तेच. टोपलीत फक्त रिकामा कागद ठेवून मशीन सुरू करा. निम्मं पाणी उतरलं की बंद करा आणि अर्धा तास तसंच राहू द्या. आत आम्ल क्षाराला विरघळवत असतं. मग उरलेलं पाणी उतरू द्या. कागदावर पांढरट कपच्या दिसल्या तर हेच पाणी टाकीत घालून आणखी एकदा फिरवा. पांढरा व्हिनेगर निम्म्या पाण्यात मिसळूनही चालतो, पण त्याचा वास तीन-चार वेळा पाणी फिरवल्याशिवाय जात नाही. ब्लीच कधीही वापरू नका, आणि आम्लासोबत तर मुळीच नाही. त्यातून विषारी वायू निघतो.

शेवटी साधं पाणी दोनदा फिरवा आणि दुसऱ्या वेळचं पाणी वाटीत घेऊन, निवल्यावर, चाखून बघा. आंबट लागलं तर तिसऱ्यांदा.

मशीन अडलं तर

जगात कॉफी येत नाही पण टोपली भरते आहे: गळती थांबवणाऱ्या झडपेत कण अडकला आहे. टोपली काढून झडप बोटाने दाबत नळाखाली धरा.

गुडगुड ऐकू येते, पाणी वर येत नाही: क्षार, किंवा टाकीच्या तळातल्या भोकात कचरा. टूथपिकने साफ करा, मग लिंबूफूल.

दिवा लागतो, पण पाणी आणि प्लेट दोन्ही गारच: कॉइलजवळचा थर्मल फ्यूज उडाला असण्याची शक्यता मोठी. हा फ्यूज कॉइल फार तापली की कायमचा तुटतो. भाग स्वस्त असतो आणि मिक्सर-इस्त्री दुरुस्त करणारा कारागीर तो बदलू शकतो. त्याला एकच सांगा, फ्यूज त्याच तापमानाचा आणि तेवढ्याच अँपिअरचा बसव, नुसती तार जोडून चालू करू नकोस. दादाने आणलेल्या मशीनचाही फ्यूजच गेला होता. कारागिराने तो बदलून दिला, आणि मी मशीन परत खोक्यात भरलं. पुढच्या खेपेला दादा ते घेऊन गेला, आता वहिनी तिकडे त्यावर रोज कॉफी करते.